कोर्स ‘चालतो’, पण कशासाठी?

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी घरांत कम्युनिटी कॉलेजचा (जिथे पहिली दोन वर्षं करून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं) विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “हा कोर्स युसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) चालतो.” चालतो, पण युनिट (क्रेडिट) मोजायला की मेजरच्या, म्हणजे पदवीच्या मुख्य शाखेच्या, विषयासाठी? पर्यावरण अभ्यासाकडे जाणाऱ्या मुलांचं या एका गोंधळापायी अख्खं वर्ष वाढू शकतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

ट्रान्सफरेबल कोर्स म्हणजे ज्याची युनिट्स युनिव्हर्सिटी धरते तो. तिसऱ्या वर्षात प्रवेश घ्यायला युसीला अशी किमान ६० सेमिस्टर युनिट्स लागतात. डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांच्या) कॉलेजात तीच ९० होतात. चित्रकला, इतिहास, समाजशास्त्र, सगळं या बेरजेत येतं.

आर्टिक्युलेटेड कोर्सचं तसं नाही. तो युसीच्या एका ठरावीक कॅम्पसच्या ठरावीक विषयाऐवजी धरला जातो. असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावर आपलं कॉलेज, कॅम्पस, वर्ष आणि मेजर निवडलं की डावीकडे युनिव्हर्सिटीचा विषय दिसतो आणि उजवीकडे त्याऐवजी चालणारा आपल्या कॉलेजचा कोर्स. उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असेल, तर तुमच्या कॉलेजात त्याला पर्याय नाही. एका कॅम्पसला जुळलेला कोर्स दुसऱ्याला जुळेलच असंही नाही.

युसीच्या सांता बार्बरा कॅम्पसचं उदाहरण घ्या. १९६९ मध्ये तिथल्या समुद्रात तेलगळती झाली आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सिटीत पर्यावरण अभ्यास सुरू झाला. आज तिथे या एकाच नावाने बीए आणि बीएस अशा दोन पदव्या मिळतात. बीएसच्या तयारीत विज्ञान आणि गणिताचा भार बराच जास्त असतो. समजा, मुलीने समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या घेत ६० युनिट्स पूर्ण केली आणि मग तिला बीएस करावंसं वाटलं. बेरीज भरली, पण रसायनशास्त्राला हातच लागलेला नाही! जनरल केमिस्ट्रीची मालिका साधारण वर्षभराची असते, ती एका उन्हाळ्यात उरकायला जाऊ नये.

युसीचा आणखी एक नियम हा फरक स्वच्छ दाखवतो. कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट्सच धरली जातात. त्यापुढच्या कोर्सची युनिट्स मिळत नाहीत, पण विषय पूर्ण केल्याची नोंद मात्र मिळते.

कॅल-जीईटीसी (२०२५ च्या फॉलपासून आयजीईटीसी या जुन्या यादीच्या जागी आलेली) ही सामान्य शिक्षणाची, म्हणजे कुठल्याही मेजरला लागणाऱ्या सर्वसाधारण विषयांची, यादी आहे. ती पूर्ण झाली म्हणून मेजरची तयारी झाली असं होत नाही.

मन ठरलेलं नसेल, तर माझ्या मते बीएस धरूनच सुरुवात करावी. पुढे बीएकडे वळलात तरी केमिस्ट्रीची युनिट्स बेरजेत राहतातच. आणि काउन्सेलरना “हा कोर्स चालतो का?” एवढंच विचारू नका. “सांता बार्बराच्या बीएसमधल्या कोणत्या विषयाऐवजी चालतो?” असं विचारा, आणि असिस्टचं ते पान समोर उघडून ठेवा.