दहा वर्षांत चौदा वर्षांनी वाढलेली बाई

१८४१च्या ब्रिटिश जनगणनेत एका बाईचं वय ३५ लिहिलेलं आहे आणि १८५१च्या जनगणनेत तीच बाई ४९ वर्षांची आहे, असं समजू. नवरा तोच, मुलंही तीच. घराण्याचा शोध नव्याने घेऊ लागलेला माणूस इथे अडतो आणि या दोन वेगळ्या बायका असाव्यात असं ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात बाई एकच असू शकते. १८४१मध्ये प्रगणकांना सूचनाच होती की पंधरा वर्षांवरच्या माणसाचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायचं. म्हणून ३९ची बाई ३५ची झाली. १८५१मध्ये नेमकं वय विचारलं गेलं आणि तिची राहिलेली चार वर्षं परत आली.

कर, सैन्यभरती, धर्मसंस्था, वारसाहक्क अशा कुणाच्या तरी गरजेपोटी सामान्य माणूस कागदावर येतो. इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या १५३८च्या हुकमाने सुरू झाल्या. त्यामुळे जुनी नोंद हाती आली की आधी पाहायचं ते हे : ही माहिती कुणी दिली, घटनेनंतर किती काळाने दिली आणि लिहिणाऱ्याला कोणता नियम घालून दिला होता? मृत्यूचा दाखला घ्या. मृत्यूची तारीख सहसा भरवशाची असते, कारण घटना ताजी असते. त्याच कागदावरचं जन्मसाल आणि आईवडिलांची नावं मात्र मुलाने नाहीतर शेजाऱ्याने सांगितलेली, म्हणजे ऐकीव. शिक्का एकच, पण त्याखालच्या माहितीचं वजन सारखं नाही.

वयाच्या बाबतीत तर माणसं स्वतःच गोल आकडे सांगतात. जिथे जन्मतारखा माहीत नसतात तिथे ४०, ४५, ५० या वयांवर गर्दी होते आणि ४१, ४९ ओस पडतात. लोकसंख्याशास्त्रज्ञ ही गर्दी ‘व्हिपल निर्देशांका’ने मोजतात. त्यात २३ ते ६२ वयोगटातल्या नोंदी तपासतात. गर्दी अजिबात नसेल तर निर्देशांक १०० येतो आणि प्रत्येकाने ० किंवा ५ने संपणारंच वय सांगितलं असेल तर ५००. वंशावळ जुळवणाऱ्याने यातून एवढं घ्यावं की जुन्या कागदावरचं ‘वय ६०’ म्हणजे साठीच्या आसपास कुठेतरी.

तारखांची गंमत आणखी वेगळी. इंग्लंडमध्ये १७५२च्या आधी सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. मे १७४०मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७४०मध्ये बाळाचा बाप्तिस्मा, अशा नोंदी पाहून आजचा वाचक भुवया उंचावतो. पण त्या हिशेबात फेब्रुवारी १७४० हा मे १७४०च्या नंतर येतो! लग्नानंतर नऊ महिन्यांनी झालेलं बाळ आहे ते. उगाच कुणाच्या पणजीवर संशय नको.

सगळ्यात जास्त घोळ मात्र घाईने होतो. आपल्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं आणि प्रत्येक सांध्याला पुरावा मागायचा, हा खरा रस्ता. पण तो कंटाळवाणा वाटतो, मग लोक एखादा नामवंत पूर्वज गाठतात आणि तिथून आपल्यापर्यंत खाली उतरतात. अशा वंशावळींवर माझा काडीचाही विश्वास नाही.

शिवाय नामवंत पूर्वज असणं ही फारशी मिरवण्याची गोष्टही नाही. दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात, त्यामुळे तीस पिढ्या मागे, म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी, वंशवृक्षात १०७ कोटींहून अधिक जागा तयार होतात. तेव्हा सगळ्या जगात मिळून तेवढी माणसं नव्हती. म्हणजे तीच माणसं वेगवेगळ्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा येतात आणि आपण सगळेच एकमेकांचे लांबचे चुलतभाऊ ठरतो.

डीएनएचा हिशेब याहून निराळा. दहा पिढ्या मागे वंशवृक्षात १,०२४ जागा असतात, पण त्या पिढीकडून आपल्यापर्यंत डीएनएचे जेमतेम सहाशे-साडेसहाशे तुकडे पोचतात. म्हणजे कागदावर पक्के असलेल्या कितीतरी पूर्वजांचा अंशही आपल्या पेशींत नसतो. म्हणून डीएनए चाचणीत धागा सापडला नाही तर तेवढ्यावरून वंशावळ खोटी ठरत नाही.

कागद आणि डीएनए एकत्र आले तर काय होतं, ते आइसलँडमध्ये दिसलं. तिथल्या वंशावळी फार तपशिलात जपलेल्या आहेत. हान्स योनाटन हा १७८४मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर गुलामगिरीत जन्मला. त्याची आई आफ्रिकी वंशाची. तो गुलाम की स्वतंत्र, याच्या कोपनहेगनमधल्या खटल्यात हरल्यावर तो निसटला, १८०२मध्ये आइसलँडला पोचला, तिथे दुकानात काम केलं, संसार केला आणि १८२७मध्ये वारला. त्याचे अवशेष संशोधकांच्या हाती नव्हते. त्यांनी वंशावळीतून त्याचे वंशज शोधले, त्यांतल्या १८२ जणांचे डीएनए तपासले आणि त्यांतले आफ्रिकी तुकडे वेचून जुळवले. आइसलँडमध्ये तेव्हा आफ्रिकी वंशाचं दुसरं कुणी जवळपास नव्हतंच, त्यामुळे हे तुकडे उठून दिसत होते. आईकडून त्याला मिळालेल्या जनुकसंचाचा सुमारे ३८ टक्के भाग असा उभा राहिला. २०१८मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्यावरून त्याच्या आईचं मूळ आजच्या बेनिन, नायजेरिया आणि कॅमेरूनच्या पट्ट्यात असावं असा निष्कर्ष निघाला. वडील युरोपीय होते. त्यांच्याकडून आलेले तुकडे आइसलँडच्या लोकांच्या डीएनएत असे मिसळून गेले की या पद्धतीने ते वेगळे काढता येत नाहीत.