सुपारी, उचल आणि भाड्याचा मारेकरी

जत्रेसाठी तमाशाचा फड ठरवला की फडमालकाला सुपारी देतात. लग्नाच्या बँडवाल्यालाही सुपारीच जाते. सोयरीक पक्की झाली की 'सुपारी फुटली' असं आमच्याकडची म्हातारी माणसं अजून म्हणतात. बोलणं झालं, आता माघार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ऐंशी-नव्वदच्या दशकात मुंबईतल्या टोळीयुद्धाच्या बातम्या बीड-परभणीच्या पारावर वाचल्या जाऊ लागल्या आणि या शुभकार्याच्या शब्दाला रक्त लागलं.

अमेरिकेतही असंच झालं होतं. तिथला शब्द 'काँट्रॅक्ट', म्हणजे साधा ठेका. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये टोळ्यांसाठी पैसे घेऊन माणसं मारणारं एक टोळकं होतं. वृत्तपत्रांनी त्याचं नाव 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड' ठेवलं. त्यातला एब रेलीस १९४० मध्ये माफीचा साक्षीदार झाला, तेव्हा ही धंद्याची बोली चव्हाट्यावर आली. नोव्हेंबर १९४१ मध्ये, पोलिसांच्या पहाऱ्यात असताना, हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला.

कथेनं मात्र हा भाड्याचा मारेकरी त्याच्या आधीच हेरला होता. १९२० मध्ये 'ब्लॅक मास्क' हे मासिक निघालं. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त, खरबरीत कागद आणि खिशाला परवडेल अशी किंमत. त्याच वर्षी अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. ती १९३३ पर्यंत टिकली आणि चोरट्या दारूच्या पैशावर टोळ्या पोसल्या गेल्या. १९२६ मध्ये जोसेफ शॉ संपादक झाले. त्यांच्या हाताखाली जी रोखठोक, कमी शब्दांची शैली घडली तिला 'हार्डबॉइल्ड' म्हणतात. शब्दशः पाहिलं तर कडक उकडलेलं अंडं. डॅशिएल हॅमेट या शैलीचा मोठा लेखक, आणि त्यानं स्वतः पिंकर्टन एजन्सीत गुप्तहेराची नोकरी केलेली. त्याच्या १९२९ च्या 'रेड हार्वेस्ट'मध्ये खाणमालक संप मोडायला गुंड आणतो, संप मोडतो, पण गुंड जात नाहीत. गावच त्यांचं होऊन बसतं. भाड्याची हिंसा कुठून येते याचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे क्वचितच सापडलं.

भाड्याच्या मारेकऱ्याची गोष्ट म्हटलं की मला आधी आठवते ती हेमिंग्वेची १९२७ ची 'द किलर्स'. दोन माणसं एका खानावळीत येतात. काय मिळेल, काय नाही यावर हुज्जत घालतात. भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे. ज्याला मारायचं त्याच्याशी त्यांचं वैर नाही, त्यानं त्यांना कधी पाहिलेलंही नाही; एका दोस्ताचं काम करतोय, असं सांगतात. तो जेवायला येत नाही तेव्हा ती निघून जातात. इकडे ज्याच्यावर वेळ आली आहे तो मुष्टियोद्धा निरोप मिळूनही भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहतो. खून घडतच नाही, तरी वाचताना घशाला कोरड पडते. एस.टी. स्टँडच्या उपाहारगृहात चहा थंड होईपर्यंत नुसता बसलेला अनोळखी माणूस दिसला की मला अजून ती खानावळ आठवते.

या प्रकाराला सांगाडा दिला तो ग्रॅहम ग्रीनच्या १९३६ च्या 'अ गन फॉर सेल'नं. त्यातला रेव्हन पैसे घेऊन एका मंत्र्याला मारतो. काम फत्ते होतं, पण हाती पडलेल्या नोटा निघतात चोरीच्या. त्या खर्चायला गेला की सापडणार. कामाच्या मोबदल्यातच दगा! पुढं अशा कितीतरी कादंबऱ्या याच पायावर उभ्या राहिल्या.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. बीडचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो, हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो आणि हंगाम संपला तरी बाकी फिटत नाही. तो कष्टकरी आणि तो मारेकरी एका तागडीत तोलायचे नाहीत, हे मी स्पष्टच सांगतो. पण आगाऊ पैसा माणसाला कसा बांधतो हे आम्ही घरादारांत पाहिलंय. म्हणून त्या गोष्टीत मला बंदुकीपेक्षा पैशाचा व्यवहार जास्त भिववतो.

आमच्याकडे गुन्हेकथा आली ती वेगळ्या वाटेनं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, शिक्षण उर्दूत. त्यामुळं १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झालेली इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' ही उर्दू रहस्यकथांची माला वाचायला इथल्या जुन्या पिढीला लिपीची अडचण नव्हती. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून जास्त रहस्यकथा होत्या. त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड हे गोरगरिबांच्या बाजूचे वीर. मारेकरी तिथं बहुधा बिननावाचा, एका पानात येऊन जाणारा.

मी ही पुस्तकं भाड्यानं आणून वाचली. वाचनालयवाला पानं जाड दोऱ्यानं इतकी आत शिवायचा की शिवणीकडची अक्षरं गिळली जायची. पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरायचं आणि राहिलेली अक्षरं अंदाजानं भरायची.

प्रत्यक्षातला गुन्हा या पुस्तकांसारखा नव्हता. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात मुली-बायकांचे एकामागून एक खून झाले. दुष्काळाचे दिवस. तपासासाठी मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले आणि धागा पोचला पिंपळाखालच्या गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपर्यंत. ती भीती आमच्या घरांत कितीतरी वर्षं राहिली. अंधार पडायच्या आत पोरींना घरात घ्यायचे.

कायद्यात सुपारीसाठी जुन्या दंड संहितेत वेगळा शब्द नव्हता. खुनाचं कलम ३०२ आणि कटाचं १२०-ब यांवर भागवलं जाई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १११ मध्ये, संघटित गुन्ह्यांच्या यादीत, अपहरण, खंडणी आणि जमीन बळकावण्याच्या सोबतीला सुपारी घेऊन केलेला खून आता नाव घेऊन नोंदवला आहे.