अतिवृष्टीचे अनुदान आणि गावची यादी

ऑक्टोबर 2025 मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टी आणि पुराने झोडपलेल्या शेतकऱ्यांसाठी 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि गावोगाव एकच विचारणा सुरू झाली: यादीत नाव आलं का?

यादीचा हा प्रश्न तसा अलीकडचा. 1876-78 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी दुष्काळ संहिता आणली, तेव्हा मदत म्हणजे दुष्काळी कामे आणि शेतसाऱ्याची तहकुबी किंवा माफी. तिचा आधार आणेवारी, म्हणजे पुढची पैसेवारी: नेहमीच्या तुलनेत पीक रुपयात किती आले याचा गावाचा अंदाज. ती 50 पैशांच्या आत आली की अख्खे गाव टंचाईग्रस्त. आणेवारी मुद्दाम चढी लावली, ही तक्रार तेव्हापासूनची. पण त्यात एकाचे नाव घुसवून दुसऱ्याचे गाळण्याची सोय नव्हती.

थेट रोख मदत आली आणि हिशेब गावावरून शेताच्या गट क्रमांकावर उतरला. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि 2010 पासूनचा राज्य आपत्ती प्रतिसाद निधी यांनी त्याला चौकट दिली. नुकसानीची अट 2015 मध्ये 50 टक्क्यांवरून 33 वर आली. ही रक्कम पिकाची किंमत नव्हे, पुढच्या पेरणीला हातभार. शिवाय दर सतत हलते. जिरायतीला 2022-26 साठी हेक्टरी केंद्राचा दर 8,500 रुपये; 2022 च्या पावसाळ्यात राज्याने तीन हेक्टरपर्यंत 13,600 दिले. मग खाली-वर होत मे 2025 मध्ये गाडी पुन्हा 8,500 आणि दोन हेक्टरवर आली. ऑक्टोबरच्या पॅकेजने मर्यादा परत तीन हेक्टर केली आणि रब्बीसाठी हेक्टरी 10,000 वेगळे जाहीर केले. कोणत्या महिन्याच्या पावसाला कोणता दर, हे सांगताना भल्याभल्यांची गडबड होते. ‘त्याला जास्त, मला कमी’ या भांडणांचे निम्मे मूळ इथेच आहे.

पैशाची वाटही बदलली. पूर्वी तहसीलमधून यादी आणि धनादेश बँकेत जायचा. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला की रक्कम अडकलीच. अनुदानातून कर्जवसुली करू नका, असे शासन निर्णयात बजावूनही बँक खात्याला ‘होल्ड’ लावायची, म्हणजे पैसे काढता येत नसत. आता तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्या पंचनाम्यावरून यादी पोर्टलवर चढते, विशिष्ट क्रमांक पडतो, शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर सेवा केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) होते आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते.

पण संगणक आला म्हणून चोरी थांबली नाही. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला 2022 ते 2024 मधला कोट्यवधींचा अपहार या पोर्टलच्या काळातलाच. जमीन नसलेल्यांची नावे, वाढवलेले क्षेत्र, दुबार अनुदान, असे प्रकार चौकशीत निघाले. तलाठी निलंबित झाले, गुन्हे नोंदले गेले. पोर्टल आधार तपासते, बांधावर कोण कसतो ते नाही. ते गावाला ठाऊक असते.

म्हणून यादी उघडी असणे महत्त्वाचे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अनुदानाची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने कोणी न मागता प्रसिद्ध करायचा असतो. मदतीच्या शासन निर्णयांतही लाभार्थ्यांच्या याद्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकण्याची सूचना असते, मात्र वाटप झाल्यानंतर. आधार आणि खाते क्रमांक झाकून गट क्रमांक, बाधित क्षेत्र आणि रक्कम दाखवणारी यादी पैसे सुटण्याआधी चावडीवर आठवडाभर लावली, तर बोगस नाव पहिल्याच दिवशी कुणीतरी बोट ठेवून दाखवेल.