चित्र नुसतं पाहिलं, तरी?

"मी काही डाउनलोड केलं नाही, कुठं क्लिक केलं नाही, नुसता फोटो पाहिला. त्यानं काय होतंय?" हे मी वरचेवर ऐकतो. म्हणूनच सीव्हीई-2023-4863 (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक) ही त्रुटी समजून घ्यायला हवी. सप्टेंबर 2023 मध्ये ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी ती कळवली, आणि क्रोम, फायरफॉक्ससकट अनेकांना तातडीनं दुरुस्ती करावी लागली. हल्लेखोर तोवर तिचा वापर करू लागलेही होते.

दोष होता वेबपी या प्रकारातली चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये. चित्र लहान करायला तिथं डेव्हिड हफमननं 1952 मध्ये मांडलेली युक्ती वापरतात: वारंवार येणाऱ्याला आखूड संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. मराठी मजकुरात काना पावलोपावली, 'ङ' एखादाच. समजा चारच चिन्हं आहेत. कान्याला 0, 'र'ला 10, 'ळ'ला 110, 'ङ'ला 111. एक बिटाचा, म्हणजे एकाच 0 किंवा 1चा संकेत शक्य संकेतांची अर्धी जागा अडवतो, दोन बिटांचा पाव, तीन बिटांचा अष्टमांश. 1/2 + 1/4 + 1/8 + 1/8 = 1. बेरीज बरोबर 1 भरली की संकेतांची रचना पूर्ण. फार देखणं गणित आहे हे!

कोणत्या चिन्हाचा संकेत किती लांब, हे फाइलच सांगते. त्यावरून ब्राउझर कोष्टक मांडतो: पहिल्या 8 बिटांसाठी मुख्य कोष्टक, 15 बिटांपर्यंतच्या लांब संकेतांसाठी जोडकोष्टकं. जास्तीत जास्त किती घरं लागतील, याचा हिशेब आधीच करून तेवढीच मेमरी राखलेली होती. पण तो हिशेब बेरीज 1 भरणाऱ्या संकेतांपुरताच खरा. मुद्दाम अपुरी रचना दिली तर घरं जास्त लागतात, आणि रचना पूर्ण आहे का याची तपासणी होती कोष्टक भरून झाल्यावर! तोवर लिखाण हद्दीबाहेर, शेजारच्या मेमरीत गेलेलं. तिथं प्रोग्रॅमनं पुढं कुठं जायचं याचा पत्ता असेल, तर तो बदलून हल्लेखोर स्वतःच्या सूचना चालवून घेऊ शकतो.

'अमुक फोटो उघडू नका, फोन हॅक होईल, दहा जणांना पाठवा' या फॉरवर्डांवर मात्र विश्वास ठेवू नका. त्यांत ना त्रुटीचा क्रमांक असतो, ना उपाय. शिवाय क्रोम चित्रं उलगडण्याचं काम सँडबॉक्स नावाच्या बंदिस्त कप्प्यात करतो. तो फोडायला सहसा दुसरी त्रुटी लागते.

दुरुस्तीत आता घरं आधी मोजतात, मग जागा घेतात. पण संगणकावर अपडेट उतरलं, तरी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनाच कोड चालू राहतो. कोपऱ्यात 'रीलाँच' दिसत असेल, तर ते आत्ताच दाबा.