खून, सदोष मनुष्यवध की हयगय: एफआयआरमधलं कलम आणि घरच्यांचा भरपाईचा अर्ज

घरातलं माणूस कुणाच्या तरी हातून गेलं की घरचे पुढचे कित्येक महिने एकच विचारत फिरतात, "तीनशे दोन लागलं का?" विचारणारच, त्यात काही चूक नाही. पण त्या नादात सरकारी योजनेतल्या भरपाईचा अर्ज मागे पडतो, नाहीतर घाईघाईत भरला जातो आणि कागद अपुरे म्हणून परत येतो. मी विधी स्वयंसेवक म्हणून असे अर्ज भरून देते, आणि अडकायच्या जागा इतक्या त्याच त्याच आहेत की एकदा सगळं लिहूनच काढावं म्हटलं.

आधी कलमं, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात खुनाची व्याख्या कलम १०१ आणि शिक्षा कलम १०३ मध्ये, म्हणजे फाशी किंवा जन्मठेप. पण घटना १ जुलैच्या आधीची असेल तर जुनं भादंविच (भारतीय दंड विधान) चालतं, केस आज उभी राहिली तरी ३०२ च. लोक कुठूनतरी वाचून अर्जात २०२३ ची घटना आणि कलम १०३ असं लिहून आणतात, मग टेबलावरचा माणूस म्हणतो एफआयआर आणि अर्ज जुळत नाही, घेऊन जा. एफआयआरवर जे आकडे छापलेत तेच जसेच्या तसे उतरवा, नव्या कायद्यात स्वतः बदलून लिहू नका.

आता प्रत्येक मारलेला माणूस हा कायद्याने "खून" नसतो, हे घरच्यांना पचवणं फार अवघड जातं. मोठा वर्ग म्हणजे सदोष मनुष्यवध, कलम १००. मारण्याचा हेतू होता, किंवा जीव जाईल अशी इजा करायचा हेतू होता, किंवा आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो याची जाणीव होती. यातलं सगळ्यात गंभीर ते खून. आणि खुनाच्या व्याख्येत बसत असूनही पाच अपवाद आहेत: एकाएकी आणि गंभीर चिथावणी, स्वसंरक्षणाची हद्द ओलांडणं, सरकारी कर्मचाऱ्याने कर्तव्य करताना हद्द ओलांडणं, ठरवून न झालेलं अचानक भांडण, आणि अठरा वर्षांवरच्या माणसाची स्वतःची संमती. अपवादात बसलं की कलम १०५. हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. जुन्या कायद्यात हेच ३०४ भाग एक आणि भाग दोन होतं, कोर्टात अजून तसंच बोलतात.

चिथावणीचं उदाहरण मुंबईचं सगळ्यांना माहीतच आहे, नानावटी खटला. नौदल अधिकारी नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, पण बायकोने त्या संबंधांबद्दल सांगितलं तेव्हापासून गोळ्या झाडेपर्यंत साधारण तीन तास गेले होते, तेवढ्यात माणूस भानावर येतो असं म्हणून सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये चिथावणीचा बचाव नाकारला आणि खूनच धरला. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०१३. रात्री ज्वारीच्या शेतात राखणीला बसलेलं जोडपं, वाटेने जाणाऱ्यांवर त्यांचा कुत्रा भुंकला, एकाने कुत्र्याला पाइप मारला, शेतकऱ्याने जाब विचारला, बाचाबाची झाली आणि तोच पाइप डोक्यात बसला. खालच्या कोर्टात ३०२. सुप्रीम कोर्टाने अचानक भांडण धरून ते ३०४ भाग दोनवर आणलं. त्याच निकालात अजून एक गोष्ट सांगितलीय जी घरच्यांनी जपून ठेवावी: गुन्हा शाबित झाल्यावर पीडिताला भरपाई द्यायची की नाही याचा विचार कोर्टाने केलाच पाहिजे आणि त्याची कारणं निकालात लिहिलीच पाहिजेत. म्हणजे कलम खाली आलं तरी भरपाईचा दरवाजा बंद होत नाही. आपले लोक मात्र ३०२ चं ३०४ झालं की सगळं संपलं समजून निघून जातात.

तिसरा प्रकार हयगयीचा, कलम १०६(१), जुनं ३०४अ. पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचारात झालं असेल तर दोन वर्षांपर्यंत. गाडी ठोकून पळून गेला तर दहा वर्षं असं जे सगळीकडे फिरत होतं ते १०६(२), आणि ते बाकी कायद्याबरोबर १ जुलैला लागू केलेलं नाही, तेव्हा "पोलिसांनी मुद्दाम लावलं नाही" म्हणून त्यावर भांडत बसू नका. १०६ आणि १०५ मधली रेघ मात्र भांडण्यासारखी आहे. वांद्र्याच्या कार्टर रोडला नोव्हेंबर २००६ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने फुटपाथवर झोपलेले मजूर चिरडले, सात जण गेले. सत्र न्यायालयाने हयगय धरून सहा महिने दिले, हायकोर्टाने ते सदोष मनुष्यवधावर नेऊन तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. दारू पिऊन तशा रस्त्यावर भरधाव गाडी घातली तर कुणाचातरी जीव जाईल हे कळत असतं, तिथे हयगय म्हणून सुटता येत नाही. हुंडाबळी वेगळं, कलम ८०, लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत, किमान सात वर्षं शिक्षा. आत्महत्येस प्रवृत्त करणं १०८, खुनाचा प्रयत्न १०९.

आता खरी रडकथा, कागद.

सगळ्यात जास्त माणसं "एडी"त अडकतात. अकस्मात मृत्यूची नोंद ही एफआयआर नाही. पोलिसांनी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १९४ खाली (जुनं १७४) मृत्यूची चौकशी चालू केलीय एवढाच तिचा अर्थ. एक बाई आल्या होत्या, पिशवीत प्लॅस्टिकच्या कव्हरात घडी घातलेला कागद, वर्षभर त्यांना वाटत होतं आपल्याकडे एफआयआर आहे, आणि वरच्या कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेलं अ.मृ. रजिस्टर नंबर. त्यांना कुणी सांगितलंच नाही. तुमच्या कागदावर अ.मृ. असेल आणि घातपाताचा संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात पोस्टाने पाठवा, तरी काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगून झालंय, तरी अजून लोकांना हेलपाटे घालावे लागतात याची चीड येते. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना सुनेचा संशयास्पद मृत्यू झाला तर पोस्टमॉर्टम होतंच आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची चौकशीही होते, त्या चौकशीत माहेरच्यांचा जबाब झाला का ते विचारा.

दुसरं अडणं, एफआयआरची प्रत. खुनाच्या केसमध्ये फिर्यादी पुष्कळदा शेजारी असतो किंवा सरकारतर्फे पोलीसच. मग घरच्यांना म्हणतात तुम्ही फिर्यादी नाही, तुम्हाला प्रत मिळणार नाही. हे चूक आहे. त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत द्यायची असं लिहिलंय, आणि पीडित म्हणजे त्याचा कायदेशीर वारस पण. कलम नंबरासकट लेखी मागा. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत कळवायची जबाबदारी पण पोलिसांवर आहे, कलम १९३, तेही मागा, फोनवर नाही, कागदावर.

तिसरं, पोस्टमॉर्टम रिपोर्ट. त्यात मृत्यूच्या कारणापुढे "ओपिनियन रिझर्व्ह्ड, व्हिसेरा प्रिझर्व्ह्ड" असं असेल तर तो अर्धा कागद आहे. व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, तिथून सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट येतो, आणि मग डॉक्टर अंतिम कारण लिहून देतात. हे आपोआप तुमच्या घरी येत नाही. रिपोर्ट आला का हे तपास अधिकाऱ्याला विचारत राहायचं आणि आला की अंतिम कारणाची प्रत मागायची. विषबाधेच्या आणि बुडून मेल्याच्या केसेस इथेच वर्षानुवर्षं पडून असतात.

मृत्यू दाखला जिथे मृत्यू झाला तिथल्या महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, गावचा नाही. मारहाण गावात आणि जीव गेला शहरातल्या सिव्हिलला, तर दाखला शहरातून. आणि दाखल्यावरचं नाव, आधारवरचं, एफआयआरमधलं नाव बघून घ्या. एफआयआरमध्ये "बाळू" आणि आधारवर "बाळासाहेब" असं असतं, पुढे बँकेत अडतं, तेव्हा एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

वारसाचं तर फार घोळ होतात. तलाठ्याकडची वारस नोंद ही जमिनीची. ती जोडून भागेल असं धरून चालू नका, तुमच्या कार्यालयात नेमका कुठला दाखला मागतात ते पहिल्याच भेटीत लिहून घ्या. महिला पीडितांच्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) योजनेत अवलंबून कोण ते सांगितलंय: नवरा, आईवडील, आजीआजोबा, अविवाहित मुली, लहान मुलं. म्हणजे कायद्याने वारस असणं आणि त्या माणसाच्या कमाईवर घर चालत असणं, दोन्ही वेगवेगळं दाखवावं लागतं, रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला त्यासाठीच. भावाभावांत भांडण असेल तर निदान अर्जापुरतं एकमेकांचं ना हरकत घ्या, दोन अर्ज आले की दोन्ही लटकतात.

अर्ज कुठे, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. फी नाही, एजंटला पैसे देऊ नका, हे पुन्हा सांगते, एकही रुपया देऊ नका. लांब असेल तर तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, आणि १५१०० वर फोन केला तरी सांगतात.

कधी करायचा यावर मोठा गैरसमज आहे. निकाल लागल्यावर, आरोपीला शिक्षा झाल्यावर, असं बहुतेकांना वाटतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ (जुनं ३५७अ) वाचा. आरोपी सापडलाच नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी घरचे थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. त्याला लागणारा कागद म्हणजे पोलिसांनी कोर्टात दिलेली "अ समरी", गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. ती मंजूर झाल्याची प्रत कोर्टातून नक्कल अर्ज करून मिळते. ब (तक्रार खोटी) किंवा क (तक्रार गैरसमजातून) समरी दिली असेल तर फिर्यादीला कोर्टाची नोटीस येते, तिच्यावर सही करून घरी ठेवून देऊ नका, त्या तारखेला जाऊन हरकत घ्यायची असते. आरोपी निर्दोष सुटला तरी कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं, तेही त्याच कलमात आहे. आणि केस चालू असताना घर चालवायलाच पैसा नसेल तर अंतरिम मदतीसाठी कोर्टात अर्ज देता येतो, सुरेश विरुद्ध हरियाणा, २०१४. अर्ज आल्यावर प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते, तेव्हा पोच आणि आवक नंबर जपा, दोन महिन्यांनी तोच दाखवून विचारायचं.

मुदतीबद्दल एकच. महिला पीडितांच्या नालसा योजनेत जिवाच्या नुकसानीला ५ ते १० लाख आहेत आणि मुदत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षं. "तीन वर्षं आहेत" हे ऐकून लोक निवांत होतात, मग पुरावे, पत्ते, तपास अधिकारी सगळं बदलून जातं. एफआयआरची प्रत हातात आली की अर्ज टाका, राहिलेले कागद नंतर जोडता येतात, तसं अर्जात लिहा.

मयत अनुसूचित जाती जमातीचा असेल आणि आरोपी तसा नसेल तर एफआयआरमध्ये अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(२)(व्ही) लागलंय का ते पहिल्या आठवड्यात बघा. तिथली मदत वेगळी आहे, मृत्यूसाठी ८ लाख २५ हजार, निम्मी पोस्टमॉर्टमनंतर आणि निम्मी दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, शिवाय विधवेला किंवा अवलंबितांना मासिक पेन्शन. अडतं जातीच्या दाखल्यावर. मयताचा कधी काढलेलाच नसतो, अशा वेळी वडिलांचा, भावाचा, शाळा सोडल्याचा दाखला असेल तो शोधून समाजकल्याण कार्यालयात न्या, रिकाम्या हाताने जाऊ नका.

अनोळखी गाडीने उडवलं असेल तर २०२२ ची हिट अँड रन योजना, मृत्यूला २ लाख. अर्ज अपघात झाला त्या तालुक्याच्या तहसीलदार किंवा प्रांताकडे, आपल्या राहत्या तालुक्यात नाही, इथेच निम्मे लोक चुकतात. गाडी ओळखली गेली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा, आणि १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलीय. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

पैसे मंजूर झाल्यावरही एक धक्का असतो. नालसा योजनेत ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षांच्या ठेवीत जाते आणि २५ टक्केच हातात येतात. कुणी मधल्या मध्ये खाल्ले असं वाटून बाया रडतात, तसं नसतं, आदेशात लिहिलेलं असतं. खातं अर्जदाराच्या स्वतःच्या नावाचं, चालू असलेलं, आधार जोडलेलं हवं, दिराच्या खात्याचा नंबर देऊ नका.

अर्ज नामंजूर झाला तर तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. लेखी आदेश मागा, आदेशाची तारीख आणि प्रत हातात पडल्याची तारीख दोन्ही त्याच्या मागे लिहून ठेवा, कारण राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करायचं असतं आणि त्याला मुदत असते. त्या आदेशात नामंजुरीचं जे कारण दिलंय ते नव्वद टक्के वेळा वर सांगितलेल्या कागदांपैकीच एखादं असतं, तो कागद जोडून अपील टाका.