अतितीव्र दिव्यांगत्व : नंतर साचत जाणारे नुकसान

बौद्धिक वाढ अत्यंत मर्यादित, शब्दांत बोलणे नाही, चालणे नाही, गिळताना अडचण आणि वारंवार फिट्स, असे सारे एकत्र ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचे आयुष्य थोडेच असणार असे डॉक्टरांसह सगळेच दीर्घकाळ धरून चालले. यात काही तथ्य आहे. परंतु मूळ विकाराचा अटळ परिणाम म्हणून आपण जे स्वीकारतो, त्यातील बरेचसे नुकसान नंतर साचत गेलेले आणि म्हणूनच टाळता येण्याजोगे असते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दक्षिण स्वीडनमध्ये मिळाला. सेरेब्रल पाल्सीमध्ये, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम करणाऱ्या विकारात, स्नायूंच्या सततच्या ताणामुळे मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीतून हळूहळू बाहेर सरकू शकतो. सुरुवातीला हे बहुधा दुखत नाही आणि दुखू लागते तेव्हा मूल ते सांगू शकत नाही. १९९४ साली तेथे अशा मुलांची लहान वयापासून ठरावीक काळाने तपासणी व क्ष-किरण चित्रण सुरू झाले आणि माथा ठरावीक मर्यादेपलीकडे सरकताच उपचार होऊ लागले. पूर्वी दहांपैकी जवळपास एका मुलाचा खुबा निखळत असे. ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नाही.

मृत्यूंबाबतही असेच दिसते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांच्या मृत्यूंची इंग्लंडमध्ये जी चौकशी झाली, तिच्या २०१३ च्या अहवालानुसार इतरांच्या तुलनेत पुरुष सरासरी १३ आणि स्त्रिया २० वर्षे आधी मरण पावत होत्या. निदानाला व उपचारांना झालेला उशीर हे त्यामागचे ठळक कारण होते. अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया किंवा दुर्लक्षित बद्धकोष्ठता जीवघेणी ठरू शकते, आणि वेदनेने बदललेले वागणे मात्र ‘दिव्यांगत्वामुळेच’ म्हणून सोडून दिले जाते. मला हे सर्वांत क्लेशदायक वाटते.

धोरणांचा भर प्रामुख्याने अशा व्यक्तींना ठेवणाऱ्या मोठ्या निवासी संस्था बंद करण्यावर राहिला आणि ते योग्यच होते. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक संस्थेतील अमानुष गर्दी १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर दिसल्यानंतरही ती पूर्ण बंद व्हायला १९८७ उजाडले. मात्र ब्रिटनमध्ये संशोधक जिम मॅन्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून असे दिसले की संस्थांऐवजी आलेल्या लहान घरांतही सर्वाधिक दिव्यांगत्व असलेली माणसे दिवसाचा मोठा भाग रिकामी बसून असत. फरक पडत होता तो कर्मचाऱ्यांच्या कामाच्या रीतीने : व्यक्तीसाठी सगळे उरकून टाकण्याऐवजी, तिचा हात धरून का होईना, प्रत्येक कामात तिला सहभागी करून घेण्याने.

असे काम तेच करू शकतात, जे त्या व्यक्तीला वर्षानुवर्षे ओळखतात. काळजीवाहकांचे वेतन तुटपुंजे असले की माणसे सतत बदलतात आणि कोणता आवाज भुकेचा, कोणता दुखण्याचा, ही ओळख त्यांच्याबरोबर निघून जाते. इंग्लंडमध्ये १४ वर्षे व त्यावरील वयाच्या बौद्धिक दिव्यांगांसाठी वार्षिक आरोग्य तपासणीची सोय आहे; पण तिथे सोबत येणारी व्यक्ती महिन्याभरापूर्वीच रुजू झालेली असेल, तर गेल्या वर्षात काय बदलले या डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळत नाही.