पांझरेचे फड : पार्श्वभूमी

साक्री तालुक्यातील डोंगरांत उगम पावणारी पांझरा धुळे शहरावरून वाहत पुढे तापीला मिळते. नदी लहान आणि खोऱ्यातला पाऊस बेताचा, तरीही काठच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊस आणि गहू पिकवला तो बंधाऱ्यांच्या बळावर. तीन-चार शतकांपासून चालत आलेले हे बंधारे पात्रातला पक्का खडक पाहून ठिकठिकाणी बांधलेले आहेत. त्यांचे काम पाणी साठवण्याचे नसून प्रवाह थोडा उचलून पाटात वळवण्याचे आहे, त्यामुळे वरच्या बंधाऱ्यावरून सांडलेले आणि जमिनीतून पाझरलेले पाणी खालच्या बंधाऱ्याला मिळत असे.

बांधकामापेक्षा वाटपाची रीत मात्र अधिक विचार करण्याजोगी आहे. पाटाखालच्या जमिनीचे सहसा तीन किंवा चार फड, म्हणजे मोठे भाग, पाडले जात, एका फडात एका हंगामाला एकच पीक घेतले जाई आणि पुढे फडाफडांतून पिकांची फेरपालट होई. बहुतेक शेतकऱ्यांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असल्याने, पाणी कमी पडून पंचांनी एखादा फड कोरडा ठेवला तरी तोटा एकट्याच्या माथी येत नसे. कोणी स्वतः चारी फोडायची नाही, पाणी पाटकऱ्यानेच द्यायचे आणि राखण जागल्याने करायची, असा दंडक होता. या माणसांना मोबदला बहुधा धान्याच्या रूपात मिळे.

इंग्रजी अमदानीत पाटबंधाऱ्यांकडे सरकारी अभियंत्यांचेही लक्ष गेले. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे दातर्ती येथील पांझरेवरचा नळांचा सायफन, म्हणजे नळांतून पाणी पलीकडे नेण्याची सोय.

स्वातंत्र्यानंतर वरच्या अंगाला लाटीपाडा, कान या उपनदीवर मालनगाव आणि पुढे अक्कलपाडा अशी धरणे झाली, तसा बंधाऱ्यांचा बारमाही प्रवाह आटला आणि फडांना धरणातून ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्याची, म्हणजे आवर्तनाची, वाट पाहावी लागली. मात्र सारा दोष धरणांवर टाकता येणार नाही, कारण ज्याच्या विहिरीवर विजेचा पंप बसला त्याला शेजाऱ्याच्या पिकाशी आपले पीक जुळवण्याची गरजच उरली नाही. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकार देणारा राज्याचा कायदा 2005 मध्ये आला, तोवर अनेक गावांतली पंचांची व्यवस्था मोडकळीस आली होती. मोजक्या बंधाऱ्यांवर मात्र फड अजूनही भिजतात.